लिफ्टच्या खड्ड्यातला डबा

खड्ड्यात उतरायला पाच मिनिटं घेणारा लिफ्टचा मिस्त्री पाच सेकंदांत वर आलेला मी पाहिला, तेव्हा सकाळचे नऊ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मी कामावर निघाले होते. तो माझ्या चपलांवरच येऊन उभा राहिला.

आमच्या इमारतीतली सत्तावीस वर्षांची जुनी लिफ्ट काढून नवी बसवायचं काम चार महिने चाललं होतं. सगळं झालं होतं, फक्त खालचा खड्डा साफ करून निरीक्षकाला दाखवायचा राहिला होता. तो साफ करताना कोपऱ्यात, सिमेंटच्या पातळ थराखाली, पत्र्याचा एक डबा निघाला. आत काही किमती असेल म्हणून मिस्त्रीने झाकण काढलं. आत एक तांब्याचा चौकोनी पत्रा होता, त्यावर सोळा घरं आखून प्रत्येक घरात खिळ्याने एकेक आकडा कोरलेला. काळ्या दोऱ्याने बांधलेले सात लोखंडी खिळे होते. मेणाची बोटभर बाहुली होती, तिला चेहरा नव्हता. आणि बूच लावलेल्या बाटलीत थोडी पिवळट पूड आणि एक लांब केस होता.

"वहिनी, हे करणीचं आहे," मिस्त्री म्हणाला. "सतरा वर्षं खड्ड्यांत उतरतोय मी. उंदीर पाहिले, साप पाहिला, एकदा माणसाचे दात पाहिले. पण हे आपल्याला नाही चालायचं."

"दात?"

"कवळी होती. कवळी चालते."

पुढच्या दहा मिनिटांत अर्धी इमारत गोळा झाली. तळमजल्यावरच्या काकू सगळ्यांत आधी आल्या, कारण त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत लिफ्टला लागून आहे. त्यांनी डब्यात एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तरीच मला डाव्या कुशीवर झोप लागत नाही." सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. सगळे शांतच होते, त्यामुळे त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. सेक्रेटरीने तिथल्या तिथे वहीत ठराव लिहिला: "सापडलेल्या वस्तूंचा अर्थ लागेपर्यंत लिफ्टचे काम स्थगित." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इमारतीत विज्ञान शिकलेली मी एकटी, असा समज आहे. चौथ्या मजल्यावर एक दंतवैद्य आहेत, पण ते म्हणाले की त्यांचा विषय फक्त तोंडापुरता आहे.

मी हो म्हटलं. एरवी म्हटलं नसतं. माझ्या सासूबाई पाचव्या मजल्यावर चार महिने अडकल्या आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना बंद. समोरच्या इमारतीत त्यांची थोरली बहीण राहते. थोरलीला ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही, आणि गुडघ्यांमुळे ती पाच मजले चढू शकत नाही. दोघी रोज सकाळी आपापल्या गॅलरीत बसून हातवारे करतात. आता थोरली तिच्या मुलाकडे कायमची राहायला निघाली होती, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास. विमानाने सहा तास लागतात तिथे जायला. दोघींची वयं मिळून एकशे एकसष्ट. परत भेट होण्याचा संभव किती, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

"खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतील तुम्हाला," असं मी आधीच सुचवून पाहिलं होतं.

"चौघांनी मला एकदाच उचलायचंय," सासूबाई म्हणाल्या. "ते जमेल तेव्हा उचला."

तेव्हा लिफ्ट हवीच होती, आणि माझ्याकडे अकरा दिवस होते.

मला वाटलं, निरीक्षकाकडूनच परवानगी आणली तर सोसायटीचं तोंड बंद होईल. मी लिफ्ट निरीक्षकाच्या कचेरीत गेले. मिस्त्रीने खड्ड्याचे फोटो त्यांना आधीच पाठवले होते आणि त्यांत डबा सुरेख आला होता. खिडकीतल्या कारकुनाने माझ्यापुढे एक छापील फॉर्म सरकवला. त्यात 'खड्ड्यात आढळलेल्या वस्तूंचे स्वरूप' असा रकाना होता आणि चार पर्याय: राडारोडा, स्फोटक, पुरातन, सभासदाचे विसरलेले सामान.

"राडारोडा लिहू?" मी विचारलं.

"राडारोडा असता तर मिस्त्री पळाला असता का?" त्याने शांतपणे विचारलं. कचेरीत बसलेल्या माणसाला ही बातमी कोणी दिली, ते मला आजवर कळलेलं नाही. "पुरातन बघा. पण त्याला पुरातन खात्याचा दाखला लागेल."

पुरातन खात्यातल्या बाईंनी भिंगातून पत्रा पाहिला. "शंभर वर्षं पूर्ण झालेली हवीत."

"इमारतच सत्तावीस वर्षांची आहे."

"मग त्र्याहत्तर वर्षांनी या." मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. त्यांनी ते पोचपावतीवर लिहून, शिक्का मारून दिलं. ती पावती माझ्याकडे आहे.

म्हणजे तपासणी करणं आलं. मी नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक शिस्त आहे. पाण्यात शिसं नाही, असं आम्ही कधीच लिहीत नाही. 'शिसे आढळले नाही' असं लिहितो, आणि त्याखाली 'तपासणीच्या मर्यादेत' ही ओळ. उद्या कोणी आमच्याहून बारीक उपकरण आणलं आणि त्यात कणभर सापडलं, तर आम्ही खोटे ठरू नये. इतकी वर्षं ही ओळ लिहून ती माझ्या बोलण्यातही शिरली आहे. दूध संपलं का, असं नवऱ्याने विचारलं तर मी फ्रिजमध्ये आढळलं नाही असं सांगते. तो मग स्वतः उठून बघतो.

जेवणाच्या सुट्टीत चार दिवस मी त्या वस्तू तपासल्या. पूड म्हणजे गंधक आणि साधं मीठ. खिळे बाजारातले, दीड इंची. केस माणसाचा, न रंगवलेला. मुळाची गाठ गोल होती, म्हणजे तो उपटलेला नसून आपोआप गळलेला. केस फार चांगल्या प्रतीचा होता, हेही मी नोंदवलं. पत्र्यावर एक ते सोळा आकड्यांचा जुना परिचित चौकोन होता, ज्यात कुठलीही ओळ कशीही मोजली तरी बेरीज चौतीस येते. इथे मात्र दुसऱ्या ओळीत दहाच्या जागी अकरा कोरलं होतं. त्यामुळे एक आडवी ओळ, एक उभी ओळ आणि एक तिरपी ओळ पस्तीस भरत होती.

रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. मी अहवाल वाचला. शेवटचं वाक्य असं होतं: "सदर वस्तूंमध्ये कोणतीही अनिष्ट शक्ती आढळली नाही (तपासणीच्या मर्यादेत)."

सेक्रेटरीने हात वर केला. "आढळली नाही म्हणजे नाहीच ना?"

"आढळली नाही."

"म्हणजे असू शकते."

"शास्त्रात कशाचीच शक्यता पूर्ण शून्य धरत नाहीत," मी म्हटलं. हे वाक्य मी बोलायला नको होतं. पण ते खरं आहे.

"आणि मर्यादेत म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. "मर्यादेबाहेर काय आहे?"

"ते मी तपासलेलं नाही."

सभेने एकदम एवढा मोठा श्वास घेतला की पार्किंगमधली हवा विरळ झाल्याचा मला भास झाला. त्यांना दिलासा मिळावा म्हणून मी पत्र्यातली चूक सांगितली. ज्याने कोणी हे केलं, त्याला बेरीजसुद्धा नीट जमलेली नाही.

"किती यायला हवे होते?" काकूंनी विचारलं.

"चौतीस."

"आणि आले पस्तीस." काकूंनी सगळ्यांकडे वळून पाहिलं. "एक जास्तीचंच घातलंय मेल्याने."

सभा बरखास्त झाली. स्थगिती कायम.

त्यानंतरचे तीन दिवस मी विसरू इच्छिते. अर्थ लावण्याचं काम माझ्याकडे आहे, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई भिंतीवरचा ओलीचा डाग दाखवायला घेऊन गेल्या. त्यांच्या मते तो बसलेल्या म्हाताऱ्यासारखा होता. मी म्हटलं, वरच्या नळाची गळती आहे. "ते झालंच," त्या म्हणाल्या, "पण म्हातारा कोणाकडे बघतोय?" दंतवैद्यांनी दारावरचा खडूचा बाण दाखवला. तो गॅसची नळी टाकणाऱ्या माणसांनी काढला होता आणि मी तसं सांगितलं. दंतवैद्य गंभीर झाले. "त्यांना काढायला सांगितलं कोणी?" एक बाई तर माझ्या प्रयोगशाळेत, नमुने घेण्याच्या खिडकीवर, रुमालात गुंडाळलेला कावळ्याचा पंख घेऊन आल्या. आमचे साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी नोंदवहीत 'पाण्याचा नमुना नाही' असं लिहिलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

गुरुवार उजाडला. समोरच्या गॅलरीत थोरली मावशी ट्रंकेवर बसून कुलूप लावायचा प्रयत्न करत होती. सासूबाई तिच्याकडे बघत चहा पीत होत्या. मी टेबलावर पत्रा ठेवून शंभराव्यांदा त्याच बेरजा करत होते.

"अगं, दे बघू तो इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डब्यातल्या वस्तू एवढे दिवस एकदाही पाहायला मागितल्या नव्हत्या. मला ते त्यांच्या विवेकाचं लक्षण वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून पत्रा हातभर लांब धरला. "हे अकरा चुकलंय. इथे दहा हवं."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तेव्हाच वाटलं होतं मला. थोरली आकडे भरभर सांगत होती आणि माझा खिळा घसरत होता."

मी हातातला कप बशीत ठेवला. बशी दुसऱ्या हातात होती आणि तो हात तिथे नव्हता. फरशी पुसायला सात मिनिटं लागली. ती सात मिनिटं आम्हा दोघींच्याही कामी आली.

"कोणासाठी होतं ते?" मी फरशीवरूनच विचारलं.

"आता कोणासाठी असणार. तुझ्यासाठी."

"काय व्हावं म्हणून?"

"लग्न मोडावं, एवढंच. जिवाला काही नको, असं मी त्या माणसाला बजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, ती रोज ओलांडून जाईल अशा जागी पुरा. इमारत नुकतीच उभी राहिली होती, लिफ्ट बसायची होती. थोरली पहाऱ्याला उभी राहिली आणि मी उतरले."

सासूबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या असणार. मी त्यांना खड्ड्यात उतरताना डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. ते आलं, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला.

"पण का?"

"तू पहिल्यांदा घरी आलीस ना, तेव्हा मी तुला पाणी दिलं. तू पेला उजेडाकडे धरून पाहिलास आणि मग प्यायलीस."

"सवय आहे ती माझी."

"ते आता माहीत आहे गं. तेव्हा म्हटलं, ही बाई माझ्या घरात जन्मभर गाळ शोधणार."

"आणि केस?"

"खुर्चीच्या पाठीला राहिला होता."

म्हणजे तो माझा होता. सूक्ष्मदर्शकाखाली चार दिवस मी ज्याचं कौतुक केलं, तो सत्तावीस वर्षांपूर्वीचा माझा केस. मला क्षणभर दुसऱ्या कशाहीपेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

"तोंड पाडून बसू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "जा आणि सांग त्यांना. झालं का काही? नाही झालं. सव्वीस वर्षं चाललंय तुमचं. म्हणजे डब्यात काही नाही. फक्त माझं नाव घेऊ नकोस."

मी विचार केला. दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे दिवस, सव्वीस वर्षं. मी तो डबा पंधरा हजार सहाशे वेळा ओलांडला होता. इतक्या वेळा केलेला प्रयोग आमच्या खात्यात कोणी केलेला नाही. पण एक अडचण होती.

"आई, पत्र्यात चूक आहे. साधनच सदोष असेल तर त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"म्हणजे दहा लिहिलं असतं तर लग्न मोडलं असतं, असं म्हणतेस?"

"तसं म्हणत नाहीये. नसतंच मोडलं, असं म्हणता येत नाही, इतकंच."

त्यांनी पत्रा टेबलावर ठेवला आणि समोर पाहिलं. थोरली ट्रंकेवर बसून हात हलवत होती. सासूबाईंनीही हात हलवला. "परवा दहा वाजता जातेय ती," त्या म्हणाल्या. "मग बस तू मर्यादा मोजत."

मी साहेबांना फोन करून रजा घेतली, आणि संध्याकाळी सभा बोलवायला लावली.

सभेत मी उभी राहिले. या वेळी कागद घेतलाच नाही. "डब्यातल्या वस्तू माझ्यासाठी होत्या," मी म्हटलं. "माझं लग्न मोडावं म्हणून पुरलेल्या. लग्न मोडलं नाही. या वस्तूंमध्ये कोणतीही शक्ती नाही." आणि थांबले. खालची ओळ मी लिहिली नाही, उच्चारली नाही. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मी नुसतं 'नाही' म्हटलं होतं.

"कोणी केलं हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही."

बावीस माना एकाच कोनात वर झाल्या आणि पाचव्या मजल्यावर स्थिरावल्या. मग परत खाली आल्या. काकू उठल्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तरीच," त्या म्हणाल्या.

"तरीच काय?"

"दोनदा बढती हुकली नाही का तुमची?"

"ती ज्येष्ठता यादीमुळे."

"फाटकाजवळ स्कूटर तीनदा घसरली."

"तिथे उतार आहे. सगळ्यांच्याच घसरतात."

"यांचे केस तिशीतच गेले," पहिल्या मजल्यावरच्या बाई माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"ते आनुवंशिक आहे."

"हो, पण ते आलं कुठून?"

मग यादीच सुरू झाली. माझं करपलेलं दूध, माझी पाठदुखी, माझा चष्म्याचा नंबर, बागेत मी लावलेलं आणि सुकलेलं रोपटं, एकेक करून बाहेर येत होतं. एवढी माहिती ठेवली होती लोकांनी माझी. "आणि बोलतही नाहीत फारशा," कोणीतरी मागून म्हणालं, "तेही त्यातलंच." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता. नंतर त्याने डास होता असं सांगितलं.

तेवढ्यात सेक्रेटरी ताडकन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा मला फक्त शुद्ध स्फटिक तयार झाल्यावर होतो. "म्हणजे ते फक्त वहिनींपुरतं आहे," तो म्हणाला. "आपल्याला नाही."

"बरोबर," दंतवैद्य म्हणाले.

"आपण सगळे सुटलो," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात सोडला.

ठराव दोन मिनिटांत झाला. सदर वस्तू एका विशिष्ट सभासदापुरत्या असल्याचे निष्पन्न झाल्याने इतरांना लिफ्ट वापरण्यास हरकत नाही. विशिष्ट सभासदाने लिफ्ट एकटीने वापरावी. एकमताने मंजूर. माझा हात मी वर केला नव्हता, पण सेक्रेटरीने तो मोजला. शुक्रवारी सकाळी निरीक्षकाच्या कचेरीत मी 'सभासदाचे विसरलेले सामान' या पर्यायावर खूण केली. कारकुनाला फार समाधान वाटलं. "आधीच सांगायचं ना," तो म्हणाला. मालक म्हणून सही करून मी डबा कागदोपत्री ताब्यात घेतला. मिस्त्रीनेही हरकत घेतली नाही. "दुसऱ्याच्या नावची असली तर चालते," तो म्हणाला आणि खड्ड्यात उतरला. संध्याकाळी निरीक्षक पास करून गेले.

शनिवारी साडेनऊला मी सासूबाईंना घेऊन लिफ्टपाशी गेले. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. नव्या लिफ्टची पहिली फेरी म्हणून सेक्रेटरी वर येऊन थांबला होता आणि दार धरून उभा होता. "या आजी," तो अदबीने म्हणाला, "मी येतो तुमच्याबरोबर. वहिनी, तुम्ही मागून या."

सासूबाई आत गेल्या, वळल्या आणि त्यांनी काठी दाराच्या फटीत आडवी ठेवली. "तू का थांबलीस?"

"ठराव आहे, आई."

"कसला?"

सेक्रेटरीने समजावून सांगितला. फार सौम्य शब्द वापरले त्याने, 'पूर्वी घडलेल्या काही गोष्टी' वगैरे. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते मी केलंय," त्या म्हणाल्या. "मला काय व्हायचंय? ये गं तू आत. आणि तुम्ही जिन्याने या."

सेक्रेटरीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो जिन्याकडे वळला. अख्ख्या इमारतीत माझ्याबरोबर लिफ्टमध्ये बसायला तयार असलेलं एकच माणूस होतं, आणि तो डबा पुरणारंही तेच होतं. यातून काय निष्कर्ष काढावा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दार बंद झालं. पाचव्या मजल्यापासून खाली यायला एकवीस सेकंद लागले. तेवढा वेळ सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. त्या घाबरल्या होत्या. चार महिन्यांनी उतरत होत्या त्या.

खाली नवी लिफ्ट पाहायला वीसेक माणसं जमली होती. दार उघडलं. आत आम्ही दोघी एकत्र दिसताच सगळे दोन पावलं मागे सरले, काकू तीन.

सासूबाईंनी काठी पुढे टाकली.

"बरं झालं, वाट मोकळी झाली," त्या म्हणाल्या. "चल पटकन. थोरली गाडीत बसायच्या आत."